निदान आधी, खर्च नंतर

घरातील मोटार बारा-पंधरा वर्षांची झाली की तिच्याविषयीचे प्रश्न केवळ यंत्राचे राहत नाहीत. ते घराच्या जमाखर्चात शिरतात. टायर, बॅटरी, ब्रेक यांचा खर्च अपेक्षित असतो आणि त्याची तरतूदही बहुधा केलेली असते. परंतु गाडी ऑटोमॅटिक असेल आणि एके दिवशी तिने गिअर बदलताना जोराचा झटका दिला, अथवा चढावर इंजिन नुसतेच गरजत राहिले व चाकांना वेग मिळेना, तर मालकाच्या मनात प्रथम धास्ती उभी राहते ती खर्चाची. ‘गिअरबॉक्स गेला’ असे कुणीतरी म्हणते आणि तेवढ्या दोन शब्दांवर लाख-सव्वा लाखाचा निर्णय घेतला जातो.

हा निर्णय ज्यांना घ्यावा लागतो त्यांत वडीलधारी मंडळी अधिक असतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांना, डाव्या पायाने सतत क्लच दाबणे ज्यांना झेपत नाही त्यांना, ऑटोमॅटिक गाडी ही चैन नसून हिंडण्या-फिरण्याचे स्वातंत्र्य असते. अशी गाडी विकून टाकणे म्हणजे काही वेळा स्वतः गाडी चालवणेच सोडून देणे ठरते. म्हणून बिघाडाचे निदान नीट होणे हा येथे केवळ पैशांचा प्रश्न उरत नाही.

प्रथम प्रकार ओळखावा

ऑटोमॅटिक हा एकच शब्द असला तरी त्यामागे निरनिराळी यंत्रे आहेत. इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून चाकांकडे नेण्याची कल्पना जुनी आहे; जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ नावाचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला आणि तेथून या यंत्राचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. आजही ज्याला टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स म्हणतात तो याच कुळातला. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेले एक भांडे असते. आत इंजिनाच्या बाजूचे पंख तेल फिरवतात व ते फिरते तेल गिअरच्या बाजूचे पंख ढकलते. गिअर बदलण्याचे काम आतील क्लच प्लेटा करतात आणि त्या प्लेटा दाबून धरण्याचे काम तेलाचा दाब करतो.

दुसरा प्रकार सीव्हीटीचा. यात ठरावीक गिअर नसतात; दोन कप्प्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि कप्प्यांची रुंदी कमी-जास्त होत गुणोत्तर बदलत जाते. तिसरा प्रकार एएमटीचा. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. यात गिअरबॉक्स व क्लच नेहमीच्या गाडीसारखेच असतात. मात्र क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाने-हाताने न होता एक यंत्रणा करते. क्लचचे पॅडल नसले म्हणून क्लच नसतो असे नव्हे. चौथा प्रकार दोन क्लचांचा, तो काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांतून आला.

हा भेद जाणून घेण्याचे कारण सरळ आहे. एका प्रकारातील लक्षणाचा अर्थ दुसऱ्या प्रकारात लागू पडत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ‘डी’ टाकून ब्रेकवरून पाय काढताच गाडी अलगद पुढे सरकते, ते तिचे स्वाभाविक वर्तन होय. एएमटीत गिअर बदलताना क्षणभर मान पुढे झुकल्यासारखी वाटते, तीही तिची उपजत सवय आहे, रोग नाही. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका कपाटातून काढून आपला गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आणि त्याला कोणत्या प्रतीचे ऑइल लागते, एवढे दोन तपशील मालकाने लिहून ठेवले तरी पुढील अर्धे गैरसमज टळतात.

ऑइल काय सांगते

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल तिहेरी काम करते. ते शक्ती वाहून नेते, दाबाने क्लच आवळते आणि उष्णता बाहेर काढते. म्हणून तपासणीचा आरंभ ऑइलपासून व्हावा, हा जुन्या जाणत्या मेकॅनिकांचा नियम आजही खरा आहे.

पातळी मोजण्याची रीत मात्र प्रत्येक गाडीची वेगळी असते. अनेक गाड्यांत इंजिन गरम असताना व चालू ठेवून डिपस्टिक पाहावी लागते. काहींत इंजिन बंद करून लगेच पाहावी लागते. आणि अलीकडच्या बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिकच नसते, तेथे ठरावीक तापमानाला खालचा बोल्ट उघडून पातळी तपासतात. चुकीच्या रीतीने मोजलेली पातळी न मोजल्याहून अधिक घातक ठरते. ऑइल कमी असेल तर दाब कमी पडून क्लच घसरतात. जास्त असेल तर फिरणाऱ्या भागांनी ते घुसळले जाऊन फेस होतो आणि फेसाळ ऑइल दाब धरू शकत नाही. दोन विरुद्ध चुकांचे लक्षण एकच, हे येथे विशेष.

रंग आणि वास यांकडेही लक्ष द्यावे. नवे ऑइल बहुधा लालसर व पारदर्शक असते. काळानुसार ते तपकिरी होते आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु ते काळपट होऊन त्याला करपल्यासारखा वास येत असेल, तर क्लच प्लेटांवरील अस्तर जळत आहे असे समजावे. ऑइल दुधी गुलाबी दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरमधील एका नळीतून थंड होते. ती आतून फुटली की कूलंट ऑइलमध्ये शिरते. सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना याचे आणखी एक कारण सांगावयास नको. २०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील महापुरांत कित्येक गाड्या पाण्याखाली उभ्या राहिल्या. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी वर एक छिद्र असते. पाणी तेवढ्या वर चढले की तेथून आत जाते. क्लच प्लेटांवरील अस्तर कागदासारख्या तंतूंचे असते व ते चिकटवलेले असते. पाण्याने ते सुटू लागते. जुनी ऑटोमॅटिक गाडी विकत घेताना तिच्या ऑइलचा रंग पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

ऑइलचे चेंबर उघडले तर आतील चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप आढळतो. तो वर्षानुवर्षांच्या स्वाभाविक झिजेचा असतो. बोटांना टोचतील असे धातूचे तुकडे आढळले तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

लक्षणांची वही

वैद्याकडे जाताना ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगणारा रोगी आणि ‘गाडी बरोबर चालत नाही’ एवढेच सांगणारा मालक यांत फरक नाही. निदानाचा निम्मा भाग मालकाच्या निरीक्षणात असतो, कारण गॅरेजमध्ये नेल्यावर गाडी शहाण्यासारखी वागते हा सार्वत्रिक अनुभव आहे. यासाठी एक छोटी वही गाडीत ठेवावी आणि दर वेळी पाच गोष्टी नोंदवाव्यात : गाडी थंड होती की गरम, वेग किती होता, चढ, उतार की सपाटी, त्रास नेमका कोणता, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो गेला की राहिला. चालत्या गाडीत अर्थातच लिहू नये. थांबल्यावर किंवा शेजारी बसलेल्याकडून लिहून घ्यावे.

या नोंदींतून अर्थ कसा निघतो ते पाहू. ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करून मग हालते. हे सकाळी थंड असतानाच होत असेल तर ऑइल कमी असणे किंवा आतील रबरी सील कडक होणे संभवते. गरम झाल्यावरच होत असेल तर पातळ झालेले ऑइल झिजलेल्या पंपातून किंवा सीलमधून दाब गमावत असावे. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरण्याचे लक्षण. साठ-सत्तरच्या वेगात, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना, रस्त्यावरील बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लचकडे संशय जातो. पण इंजिनाचा एखादा प्लग किंवा कॉइल अधूनमधून चुकत असेल तरीही हुबेहूब तशीच थरथर जाणवते. सगळ्या गिअरांत झटके बसत असतील तर इंजिन व गिअरबॉक्स तोलून धरणारी रबरी माउंटिंग फाटली आहेत का हे आधी पाहावे. कारण तेथे दोष आतला नसून बाहेरचा असतो.

दोन लक्षणे तर मुद्दाम ध्यानात ठेवावीत, कारण ती दिसतात भयंकर आणि निघतात किरकोळ. गिअरची दांडी ‘पी’ मधून हालतच नाही, तेव्हा पुष्कळदा ब्रेक पॅडलखालचे छोटे स्विच बिघडलेले असते. ब्रेक दाबला आहे हे त्या स्विचकडून कळल्याखेरीज दांडी सुटू नये अशी सुरक्षिततेची योजना असते. मागचे ब्रेक-दिवे लागत नसतील तर शंका जवळजवळ पक्की होते. एएमटीच्या गाड्यांतही हेच स्विच किंवा दुबळी बॅटरी गिअर पडण्यात अडथळा आणू शकते. बॅटरी तपासण्यास पाच मिनिटे लागतात आणि तरीही ती सर्वांत शेवटी तपासली जाते.

संगणकाचा संकेत

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर केव्हा बदलावा हे एक छोटा संगणक ठरवतो. वेग मोजणारे सेन्सर त्याला माहिती देतात आणि सोलेनॉइड नावाच्या विजेवर चालणाऱ्या झडपा त्याच्या आज्ञेने ऑइलच्या वाटा उघडतात-मिटतात. एखादी माहिती विसंगत आली की संगणक यंत्र वाचवण्यासाठी सावध पवित्रा घेतो. अनेक चार गिअरच्या गाड्यांत तो गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवतो. मालकाला वाटते गाडीचा जीव गेला. वस्तुतः गाडी घरापर्यंत पोहोचवण्याची ती व्यवस्था असते.

अशा वेळी संगणकाच्या स्मृतीत एक सांकेतिक क्रमांक नोंदला जातो आणि स्कॅनर जोडून तो वाचता येतो. भारतात २०१० नंतर टप्प्याटप्प्याने गाड्यांना ही दोषनोंदीची व्यवस्था बंधनकारक झाली. त्यातील पी०७०० हा क्रमांक केवळ एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काही तक्रार नोंदली आहे. ती कोणती हे पुढच्या क्रमांकांवरून कळते. पी०७१५ आत येणाऱ्या वेगाच्या सेन्सरविषयी, पी०७२० बाहेर जाणाऱ्या वेगाच्या सेन्सरविषयी, पी०७३० गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याविषयी, पी०७४१ लॉक-अप क्लच लागत नसल्याविषयी आणि पी०७५० पहिल्या सोलेनॉइडविषयी असतो.

मात्र क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. सेन्सरचा क्रमांक आला म्हणून सेन्सरच बिघडला असे ठरत नाही. सेन्सर, त्याची वायर, तिचे जोड आणि अर्थिंग या संपूर्ण वाटेत कोठेतरी दोष आहे, एवढाच त्याचा अर्थ. बँकेत एखाद्या खात्यावर लाल खूण दिसली म्हणून खातेदाराला बुडवा ठरवीत नाहीत, आधी नोंदी तपासतात, तसेच हे. आणि एक दक्षता फार महत्त्वाची : क्रमांक वाचून, लिहून घेण्यापूर्वी बॅटरीची वायर काढू देऊ नये. तसे केल्यास अनेक गाड्यांतील नोंदी पुसल्या जातात आणि पुरावाच नाहीसा होतो.

एका घराचे उदाहरण

या साऱ्याचे महत्त्व पटावे म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणावे. जयसिंगपुरातील एक निवृत्त मुख्याध्यापिका. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते आणि पहाटेची पाळी मिळालेली. मुलगा पुण्यात. गाडी बारा वर्षांची, लहान, चार गिअरची ऑटोमॅटिक. पावसाळ्याच्या दिवसांत गाडी मधूनच जड होऊ लागली. सिग्नलवरून निघताना पिकअप नाही, ‘डी’ टाकताना धक्का, समोर पिवळा दिवा. बंद करून पुन्हा सुरू केली की काही काळ पूर्ववत.

पहिल्या गॅरेजात गाडी दहा मिनिटे फिरवून निर्णय झाला : गिअरबॉक्स बदलावा लागेल, खर्च एक लाख चाळीस हजार. गाडीची बाजारातील किंमत त्याहून फार अधिक नव्हती. मुलाने फोनवर सांगितले, ‘‘आई, ती गाडी काढून टाक. तुला रिक्षा लावून देतो.’’ त्यात काळजीच होती. पण पहाटे पाचला रिक्षा वेळेवर येईल का, उपचारानंतर गळून गेलेल्या माणसाला तिच्यात बसवेल का, हा विचार बाईंनाच करावयाचा होता. त्या म्हणाल्या, ‘‘पंधरा दिवस थांब. मी काय होतंय ते लिहून काढते.’’

त्यांनी शाळेच्या हजेरीपटासारखी वही आखली. पंधरा दिवसांत सात वेळा त्रास झाला. सातही वेळा रस्ता ओला होता. कोरड्या दिवशी एकदाही नाही. थंड-गरम याचा संबंध दिसला नाही. मागे जाण्याचा गिअर नेहमी नीट लागला. इंजिन गरजले पण वेग आला नाही असे कधीच घडले नाही. उलट गाडी जड, जणू वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी निघे.

या नोंदी घेऊन त्या दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेल्या. त्याने वही वाचली, ऑइलची पातळी पाहिली, ती योग्य होती. रंग तपकिरी, करपट वास नाही. स्कॅनर लावला तेव्हा बाहेर जाणाऱ्या वेगाच्या सेन्सरचा क्रमांक स्मृतीत सापडला. गाडी वर उचलल्यावर त्या सेन्सरचा जोड खालच्या अंगाला दिसला. त्याचे रबरी आवरण फाटलेले, आत हिरवट गंज, आणि एक वायर जेमतेम धरून राहिलेली. रस्त्यावरचे पाणी उडाले की संपर्क तुटे, संगणकाला वेग कळत नसे आणि तो गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धरून ठेवी. जोड व वायर नवी घातली, सेन्सर बदलला, ऑइल खाली करून योग्य प्रतीचे भरले. बिल आठ हजारांच्या आत झाले. त्यानंतर तिने पुन्हा पंधरा दिवस, तेही पावसाचे, नोंदी ठेवल्या; वहीची ती पाने कोरी राहिली, तेव्हाच दुरुस्ती झाली असे बाईंनी मानले.

या उदाहरणात पहिल्या गॅरेजचा हेतू वाईट होता असे धरण्याचे कारण नाही. मोठा भाग बदलला की त्याच्या आतील कोणताही दोष आपोआप जातो, म्हणून घाईच्या निदानाला तो मार्ग सोयीचा वाटतो. पण येथे दोष गिअरबॉक्सच्या आत नव्हता. जुना जोड तसाच राहिला असता तर एक लाख चाळीस हजार खर्चूनही पहिल्या पावसात गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरमध्येच अडकली असती.

दुसरी बाजू

यावरून प्रत्येक बिघाड स्वस्तातच मिटतो असा अर्थ कुणी काढू नये. खोट्या आशेने केलेले निदान हेही चुकीचेच निदान असते. ऑइल जळून काळे झाले आहे, चेंबरमध्ये धातूचे तुकडे आहेत, गरम झाल्यावर गाडी पुढे सरकतच नाही आणि दाब मोजणाऱ्या गेजवर काटा अपेक्षित आकड्याच्या पुष्कळ खाली राहतो, असे चारही पुरावे एकत्र आले तर आतील झीज खरी आहे. अशा वेळी ‘आधी सेन्सर बदलून पाहू, मग सोलेनॉइड बदलून पाहू’ असे करत राहणे म्हणजे बुडीत कर्जदाराला पुन्हा पुन्हा थोडे थोडे कर्ज देण्यासारखे आहे. प्रत्येक हप्ता लहान दिसतो, बेरीज मोठी होते.

जुन्या ऑइलविषयीही एक भ्रम आहे. ‘इतकी वर्षे बदलले नाही, आता बदलले तर गिअरबॉक्स जाईल’ असे म्हटले जाते. यात अर्धसत्य आहे. जेथे क्लच आधीच जळत आले आहेत तेथे नवे ऑइल त्यांना वाचवू शकत नाही आणि दोष नव्या ऑइलच्या माथी येतो. जेथे ऑइल केवळ वयाने तपकिरी झाले आहे तेथे बदल हितकारकच असतो. मात्र यंत्र लावून दाबाने आतून धुण्यापेक्षा खालून ऑइल सोडून तेवढेच नवे भरणे जुन्या गाडीला मानवते. एका वेळी सर्व ऑइल निघत नाही, बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. म्हणून काही दिवसांच्या अंतराने हे दोन-तीनदा करतात. सीव्हीटीचे ऑइल वेगळे असते. त्यात साधे ऑटोमॅटिकचे ऑइल घातल्यास पट्टा व कप्पे यांची पकड जाते आणि मोठे नुकसान होते.

काही चाचण्या घरी करून पाहण्याच्या नसतात. ब्रेक पूर्ण दाबून, गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्याची एक चाचणी जाणकार करतात. तीत ऑइल काही सेकंदांत अतिशय तापते आणि ब्रेक सुटला तर गाडी समोरच्या माणसावर जाऊ शकते. ती कुणाच्याही सांगण्यावरून घराच्या अंगणात करू नये.

अंदाजपत्रक कसे वाचावे

गॅरेजने दिलेला आकडा स्वीकारण्यापूर्वी मालकाने चार प्रश्न नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावेत. ऑइलची पातळी व रंग काय आढळला? स्कॅनरवर कोणते क्रमांक आले? त्या क्रमांकाशी संबंधित वायर, जोड व अर्थिंग तपासले का? आणि हा भाग बदलल्याने दोष जाईल हे कोणत्या चाचणीवरून ठरले? या चारांची उत्तरे देणारा कारागीर तपासणीचे वेगळे पैसे मागत असेल तर ते आनंदाने द्यावेत. ज्ञानाची किंमत देण्यात कुचराई केली की ती पुढे सुट्या भागांच्या बिलातून वसूल होते. अंदाजपत्रक लेखी घ्यावे, काढलेले जुने भाग परत मागावेत आणि रक्कम मोठी असेल तर दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे.

त्यानंतर हिशेब मांडावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते आणि महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी चौदाव्या वर्षात असेल तर हाही खर्च दुरुस्तीच्या शेजारी लिहावा. दुसऱ्या बाजूला केवळ गाडीची बाजारभावातील किंमत लिहून भागत नाही. तिच्याऐवजी दुसरी ऑटोमॅटिक घ्यावयाची तर किती पडेल, भाड्याच्या वाहनाला महिन्याला किती लागेल आणि त्या घरातील माणसांची कोणती अडचण त्याने सुटणार नाही, हेही त्या रकान्यात यावे. मग उत्तर दुरुस्तीचे येवो की विक्रीचे, ते डोळसपणे आलेले असेल. विक्री करावयाची ठरल्यास दोष लपवू नये. घेणाऱ्याच्या घरीही कुणी वडीलधारे असतील.

थोडी जपणूक

शेवटी नित्याच्या सवयींविषयी. गाडी पूर्ण थांबल्याखेरीज ‘डी’ मधून ‘आर’ मध्ये जाऊ नये. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक लावावा आणि मग ‘पी’ टाकावे, म्हणजे गाडीचा भार आतल्या लहानशा अडसरावर पडत नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरू नये. एएमटीत त्याने क्लच प्लेट जळते आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइल तापते. आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी ‘एन’ टाकणे ही तर जिवाशी गाठ आहे; खालचा गिअर निवडून इंजिनाचा अवरोध घ्यावा. आणि ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर तिची पुढची चाके जमिनीवर ठेवून दोराने ओढत नेऊ नये. गिअरबॉक्समधील पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली तर आतील भागांना ऑइल मिळत नाही आणि ते कोरडे घासतात. गाडी उचलून नेणारे सपाट वाहनच बोलवावे. त्याचे भाडे थोडे अधिक पडते, पण केवळ ओढून नेण्यात निकामी झालेल्या गिअरबॉक्सच्या बिलापुढे ते काहीच नसते.